दुसरा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत दोन ब्रेक असतात. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. पहिला वेळेवर दाबला जाईल याचा काही नेम नसतो, म्हणून दुसरा. शहरातल्या अर्ध्याअधिक लोकांना जिने गाडी शिकवली तिला सगळे ब्रेकताई म्हणायचे, ते या दुसऱ्या ब्रेकपायी. तिचा उजवा पाय हे स्वतंत्रच प्रकरण होतं. तोंडाने ती "आरशात बघा" म्हणत असायची, हाताने खिडकीची काच खाली करत असायची, आणि पाय आपला आपण रस्त्यावर लक्ष ठेवून असायचा. समोर कुत्रं आडवं आलं की डोक्याला कळायच्या आत पाय खाली. इतक्या वर्षांत गाडीला साधा ओरखडा आला नव्हता, आणि स्कूलचे मालक हे नव्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगायचे.

घरच्या गाडीत ब्रेक एकच होता. पण तिथेही दुसरा दाबणारा माणूस होता, तो म्हणजे तिचा नवरा. नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. चुका शोधायचाच पगार घ्यायचा म्हणा ना, आणि ही सवय संध्याकाळी छापखान्यात ठेवून येणं त्याला कधी जमलं नाही. त्याने स्वतः कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. बायको चालवायची, तो शेजारी बसायचा आणि बसल्या जागी नसलेला ब्रेक करकचून दाबत राहायचा. त्याच्या पायाखालच्या रबरी चटईला भोक पडलं होतं. ब्रेकताईने एकदा चटई बदलली. नव्या चटईलाही भोक पडलं, तेव्हा तिने हात टेकले.

तर अशा या ब्रेकताईने वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात अर्ज केला होता. तोही दुसऱ्यांदा.

हे खूळ डोक्यात शिरलं ते लेकीच्या शाळेमुळे. लेकीला जीवशास्त्राचा भयंकर कंटाळा. मग आईने धडा मोठ्याने वाचायचा आणि प्रश्न विचारायचे, असं ठरलं. असाच एकदा इस्त्री करता करता तिने मूत्रपिंडाचा धडा वाचायला घेतला. ते दिवसभर रक्त गाळतं, गाळलेलं बहुतेक सगळं परत घेतं आणि नेमकं काय टाकून द्यायचं ते त्याला समजतं, हे वाचून ती इस्त्री तशीच धरून उभी राहिली. नवऱ्याच्या शर्टावर तिकोनी डाग पडला. लेक परीक्षा पास झाली, वाणिज्य शाखेकडे गेली आणि पुस्तक रद्दीत टाकायला निघाली. आईने ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं. पुढची काही वर्षं दोन शिकवण्यांच्या मधल्या वेळात ही बाई गाडी झाडाखाली लावून हृदय, फुप्फुस, यकृत करत बसायची. प्रवेश परीक्षेत तिला उत्तम गुण पडले. उत्तरपत्रिकेला तोंड नसतं, त्यामुळे तपासणाऱ्याला वय दिसलं नाही.

वय दिसायचं ते मुलाखतीत. चाळिशी उलटलेल्या उमेदवाराने मुलाखतीला दोनदाच यायचं, असा त्या महाविद्यालयाचा नियम होता. पहिल्या वेळी तिने आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील वेळेवर उपचार न मिळाल्याने गेले होते, त्यात खोटं काही नव्हतं. पण नेमक्या जागी तिने आवाज ओला केला, आणि बोलता बोलता "माफ करा, वय जरा जास्तच आहे माझं" असंही म्हणाली, एकदा नाही, उठताबसता. मंडळाने मान हलवून हलवून ऐकलं आणि नकार कळवला. नकार तिने पचवला असता. पण आपण वडिलांना शिफारशीला उभं केलं, ही गोष्ट तिच्या जिवाला लागून राहिली. घरी येऊन तिने वडिलांच्या फोटोकडे पाहायचंही टाळलं आणि कानाला खडा लावला.

आता उरली होती ती ही एकच संधी. ही गेली की सगळं संपलं.

मुलाखतीला बोलावणारा फोन आला तेव्हा गाडीत सर्जनसाहेब होते. सर्जनसाहेब म्हणजे नुकतेच निवृत्त झालेले मोठे नाणावलेले डॉक्टर. जन्मभर त्यांच्या बायकोने गाडी चालवली, आता तिची नजर अधू झाली, म्हणून अडुसष्टाव्या वर्षी हे शिकायला आले. हात सोन्याचे, पण पाय कुणाचं ऐकत नव्हते. जन्मभर हुकूम सोडलेले असल्यामुळे त्यांना वाटायचं की समोरची गाडी सांगितल्याशिवाय थांबणारच नाही. एकदा परीक्षेत नापास होऊन झालं होतं. त्याचं खापर त्यांनी परीक्षकावर फोडलं होतं.

गाडी कडेला उभी होती, फोन गाडीच्या स्पीकरवर वाजला. "वैद्यकीय महाविद्यालयातून बोलतोय. मुलाखतीला येताना मूळ कागदपत्रं आणा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"मुलीचा प्रवेश वाटतं?" साहेबांनी कौतुकाने विचारलं.

"माझा."

साहेब हसले. असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "बाई, अहो, या वयात?"

"साहेब, मघाशी ते कुंपण पाडायला निघाला होता, ते कोणत्या वयात?"

"गाडी वेगळी. गाडी चार महिन्यांत येते."

"तुम्हाला?"

साहेबांना ते लागलं. ते सरळ होऊन बसले आणि त्यांचा वॉर्डातला आवाज बाहेर आला. "ऐका. मी त्या मंडळावर किती वर्षं बसलोय, मलाच आठवत नाही. वयस्क उमेदवार आला ना, की आम्ही चहा मागवायचो."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? पोरांना नाही देत कुणी चहा. पोरांना प्रश्न विचारून घाम फोडायचा. पण चाळिशीचा माणूस इतका धडपडत आलाय, त्याला असंच कसं घालवायचं? म्हणून चहा. दोन गोड शब्द बोलायचे. निर्णय तो दारातून आत येतानाच झालेला असायचा."

ब्रेकताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण गेल्या वेळी तिने तो चहा घेतला होता. किती चांगली माणसं आहेत, असंही तिला वाटलं होतं. बशीतला सांडलेला थेंब तिने स्वतःच्या रुमालाने पुसला होता.

"गाडी चालू करा," ती म्हणाली. त्या दिवशी सर्जनसाहेबांनी चौकात गाडी चार वेळा बंद पाडली आणि ती एकदाही "असू दे, होतं असं" म्हणाली नाही.

दोन दिवसांनी साहेब जरा ओशाळलेले दिसले. आरसा नीट करता करता म्हणाले, "माझं म्हणणं मनाला लावून घेऊ नका. जाणारच असाल तर रिकाम्या हाताने जाऊ नका. एखादं आजारपण न्या."

"आजारपण?"

"घरातलं. आईचं, आजीचं. मंडळाला कारण लागतं हो. पोरं तर आजीशिवाय येतच नाहीत. आणि वयाबद्दल तुम्हीच आधी दिलगिरी व्यक्त करून टाका. समोरच्याची धार जाते."

"ते सगळं गेल्या वेळी करून बसलेय. या वेळी काही नेणार नाही. घरात सगळे ठणठणीत आहेत."

"मग 'का' विचारलं तर?"

"आवडतं म्हणून सांगेन."

"आवडतं म्हणून माणसं गाणं शिकतात, बाई."

"शिकू देत की. मी कुठे त्यांच्या आड येतेय? डावीकडे इंडिकेटर दिलाय आणि उजवीकडे वळताय तुम्ही." आणि तिचा पाय खाली गेला, कारण समोरून ट्रक येत होता.

घरी वेगळीच तऱ्हा. मुलाखतीच्या सकाळी लेक दारात उभी राहून आईला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होती. "काळा ड्रेस नको गं. मुख्याध्यापिका वाटतेस. पोरं उठून उभी राहतील."

"राहिली तर बसवेन."

"आणि माझ्या मैत्रिणीची धाकटी बहीण पण अर्ज करतेय. तुझ्या वर्गात असली म्हणजे? मी तिला काय सांगू, माझी आई तुझ्या बाकावर बसते?"

"सांग की, वह्या चांगल्या लिहिते, लागल्या तर माग."

लेक हसायचं नाही असं ठरवून हसली. नवरा चपला शोधून देत होता, पाण्याची बाटली भरून देत होता. मनाने तो चांगलाच होता, त्याबद्दल वादच नाही. "जाऊन ये," तो म्हणाला, "म्हणजे मनातलं एकदाचं निघून जाईल." चांगल्या मनाने माणूस काय काय बोलून जातो, याचा हिशोब ठेवायला ब्रेकताईला त्या दिवशी वेळ नव्हता.

मुलाखतीची खोली गेल्या वेळचीच होती. लांबलचक टेबल, जुन्या लाकडी फळ्यांची जमीन, खिडकीत मलूल झालेली कुंडी. टेबलापलीकडे तिघं. मधोमध मंडळाच्या अध्यक्षबाई, पांढऱ्या केसांच्या, पेन्सिलीने कान खाजवणाऱ्या. त्यांच्या एका बाजूला निळ्या टायवाले प्राध्यापक आणि दुसऱ्या बाजूला लॅपटॉपमध्ये तोंड घातलेले एक तरुण प्राध्यापक. बाहेरच्या बाकावर अठरा-अठरा वर्षांची पोरं नखं कुरतडत बसली होती, आणि त्यांच्यातूनच उठून ब्रेकताई आत आली होती. शूरबिर काही नव्हती ती. फक्त या वेळी भीती दाखवायची नाही, एवढं ठरवून आली होती.

ती खुर्चीत टेकते न टेकते तोच टायवाल्यांनी मधाळ आवाजात विचारलं, "चहा घेणार ना?"

आणि शिपायाला खूण केली. शिपायाच्या हातात ट्रे तयारच होता. ट्रेमध्ये कप एकच.

ब्रेकताईने त्या कपाकडे पाहिलं. बाहेर ती तासभर बसली होती, आत जाणारी येणारी पोरं पाहत होती. ट्रे एकदाही आत गेला नव्हता. म्हणजे झालं होतं. ती दारातून आत आली तेव्हाच झालं होतं. ओठांवर "थँक्यू" आलं, जन्मभराची सवय. ते तिने गिळलं.

"नको. चहा नको मला."

"अहो, घ्या की. दमून आला असाल."

"बाहेरच्या मुलांना दिलात?"

तरुण प्राध्यापकांनी लॅपटॉपमधून डोकं वर काढलं. टायवाल्यांचा हात हवेतच राहिला. "मुलांना... नाही. तसं नाही, पण..."

"मग मलाही नको. त्यांना जे विचारता ते मला विचारा."

शिपाई ट्रे घेऊन गेला, आणि जाताना त्याला कुठे बघावं ते कळेना. अध्यक्षबाईंनी पेन्सिल खाली ठेवली आणि ब्रेकताईकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या, "मग विचारते. डॉक्टर का व्हायचंय? घरात कुणाचं आजारपण वगैरे?"

"नाही."

"एखादा अनुभव, ज्यामुळे..."

"मुलीचं पुस्तक वाचलं. आवडलं. मग सोडवलं नाही." तिला स्वतःलाच ते उत्तर किती आखूड वाटलं. पण आता माघार घ्यायची नव्हती. "मला माणसाच्या आत काय चाललंय ते कळून घ्यायचंय, आणि ते बिघडलं तर दुरुस्त करायला शिकायचंय. गेल्या वर्षी मी इथे येऊन माझ्या वडिलांची गोष्ट सांगितली होती. ती खरी होती, पण ती कारण नव्हती. तुम्हाला बरी वाटेल म्हणून सांगितली. मला त्याची लाज वाटते. कारण एवढंच आहे, मला हे काम हवंय."

तरुण प्राध्यापकांनी मग घाम फोडणारे प्रश्न काढले. रक्तदाबावर, अभ्यासाच्या ओझ्यावर, दिवस-रात्रीच्या पाळ्यांवर. तिने येत होतं ते सांगितलं, येत नव्हतं तिथे "माहीत नाही" म्हणाली. एका प्रश्नाचं उत्तर साफ चुकलं आणि बोलताना ते तिच्याच लक्षात आलं. तरी तिला बरं वाटलं. कुणी गोड बोलत नव्हतं.

टायवाले मात्र चहाचा अपमान विसरले नव्हते. ते पुढे झुकले. "मी स्पष्ट बोलतो, राग मानू नका. शिक्षण, मग पुढचं प्रशिक्षण. तुम्ही स्वतंत्रपणे काम सुरू कराल तेव्हा पंचावन्नच्या आसपास असाल. बाहेर बसलेला मुलगा समाजाला चाळीस वर्षं देईल. तुम्ही जेमतेम दहा-पंधरा. एकेका जागेवर केवढा खर्च होतो. अशी जागा तुमच्यासारख्यांवर वाया घाल..."

धाड.

टेबलाखालून आवाज आला. कप असता तर बशीत नाचला असता. तिघंही दचकली. अध्यक्षबाईंची पेन्सिल घरंगळत जमिनीवर गेली. ब्रेकताईचा उजवा पाय त्या जुन्या फळीवर सगळ्या ताकदीनिशी आदळला होता, आणि हे तिला इतरांबरोबरच कळलं.

"काय झालं?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"माफ करा" अगदी दातांपर्यंत आलं होतं. तिने दात मिटले. मग सावकाश म्हणाली, "ब्रेक लावला. मी गाडी शिकवते. समोर धडक दिसली की पाय आपोआप जातो."

"इथे कुणाची धडक होत होती?"

"यांची." तिने टायवाल्यांकडे बोट न दाखवता मान वळवली. "सर, तुमचं गणित बरोबर आहे, मी नाही म्हणत नाही. पण माझं वय अर्जाच्या पहिल्याच पानावर आहे. गणितानेच ठरवायचं होतं तर ते तिथेच झालं असतं. मग मला दोनदा बोलावलं कशाला? चहा पाजायला? जागा त्या मुलाला द्यायची असेल तर खुशाल द्या, तो तुमचा अधिकार. मला मार्क कमी द्या, उत्तर चुकलं म्हणून नापास करा. पण माझ्या पंधरा वर्षांना वाया म्हणायचं नाही. त्या पंधरा वर्षांत माझ्यासमोर जे आजारी बसतील ते काय अर्धेमुर्धे आजारी असतील?"

टायवाल्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. तरुण प्राध्यापक ओठ दाबून लॅपटॉपवर काहीतरी टाइप करत होते. अध्यक्षबाई वाकून पेन्सिल शोधत होत्या, आणि त्यांना ती सापडायला जरा जास्तच वेळ लागला.

"ठीक आहे," वर येत त्या म्हणाल्या. "या तुम्ही."

"वाट लावून आले," घरी आल्यावर तिने जाहीर केलं आणि सोफ्यावर अंग टाकलं. तळपाय ठणकत होता. नवऱ्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "जाऊ दे. प्रयत्न केलास ना," तो म्हणाला, आणि त्याचा जीव असा भांड्यात पडला की लपवता लपवेना. लेक मात्र जवळ येऊन बसली. "खरंच पाय आपटलास? त्यांच्यासमोर?" तिने तीन वेळा विचारलं.

पुढच्या आठवड्यात सर्जनसाहेब परत नापास होऊन आले. याही वेळी थांब्याची पांढरी रेघ ओलांडून गेले होते. "तो परीक्षक महामूर्ख आहे," ते धुसफुसत होते. "तुमच्या जागेवर नुसता बसून राहतो. बाई, तो माणूस ब्रेकच दाबत नाही हो!"

ब्रेकताईने स्वतःच्या पायाकडे पाहिलं. एक ओरखडा नाही म्हणून मालक ज्याची फुशारकी मारायचे, तोच हा पाय. साहेबांनी स्वतःहून थांबायच्या आधी तो दर वेळी पोचत होता. साहेबांना थांबायचं काम कधी पडलंच नव्हतं. शिकवताना तिला वाटत होतं आपण त्यांना सांभाळतोय. तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

तिने बूट काढले, मागच्या सीटवर टाकले आणि बसल्या जागी चक्क मांडी घातली.

"हे काय?" साहेब घाबरले.

"आजपासून ब्रेक एकच. तुमचा. चला."

"आणि कुणी मधे आलं तर?"

"तर थांबा."

साहेबांच्या कपाळावर घाम जमला. गाडी निघाली ती गोगलगाईसारखी. बाजाराच्या रस्त्याला लागले आणि नेमका तेव्हाच ब्रेकताईच्या मांडीवरचा फोन थरथरला. पडद्यावर महाविद्यालयाचं नाव आलं आणि खाली संदेशाची पहिली ओळ, 'आपल्या प्रवेश अर्जासंदर्भात...' पुढचं उघडल्याशिवाय दिसणार नव्हतं.

"बघा की!" साहेब म्हणाले.

"समोर बघा!"

पुढे पादचाऱ्यांचे पट्टे होते आणि एक बाई बाबागाडी घेऊन पट्ट्यांवर पाऊल टाकत होती. ब्रेकताईचा पाय मांडीखाली वळवळला. तिने तो दोन्ही हातांनी धरून ठेवला. आयुष्यात इतका जोर तिने कशाला लावला नव्हता. "साहेब," एवढंच ती म्हणाली. साहेबांचा पाय ब्रेकवर गेला. गाडी गचका देऊन पट्ट्यांच्या अलीकडे उभी राहिली. बाबागाडीवाली बाई त्यांच्याकडे न पाहताच पलीकडे गेली.

"थांबली," साहेब लहान मुलासारखे म्हणाले. "मी थांबवली."

"तुम्हीच थांबवलीत. आता कडेला घ्या."

कडेला लागल्यावर तिने फोन उघडला. दोनदा वाचलं. प्रवेश मिळाला होता. तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसलेही नाहीत.

साहेबांनी तोंडावरून ओळखलं. स्टिअरिंगवर बोटं वाजवत त्यांनी विचारलं, "चहा दिला होता का हो?"

"दिला होता. मी घेतला नाही."

साहेबांनी मान खाली घातली. "मी मंडळावर असतो तर तुम्हाला घेतलं नसतं. खरं सांगतो."

"माहितीये. तुम्ही नव्हता. चला, आता पार्किंग करू."

महाविद्यालयाचं शिक्क्याचं पत्र पुढच्या आठवड्यात टपालाने आलं. रविवारी नवऱ्याने स्वतःहून सगळ्यांना बाहेर जेवायला न्यायचं ठरवलं. निघताना त्याने एक पुडकं आणून ब्रेकताईच्या हातात दिलं. त्याने ते पत्र गुपचूप नेऊन काचेच्या देखण्या चौकटीत बसवून आणलं होतं. तिला मनापासून आनंद झाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच घरातल्या कुणीतरी या गोष्टीचं कौतुक केलं होतं. चौकट मांडीवर घेऊन लेक मागे बसली, नवरा नेहमीच्या जागी, आणि गाडी निघाली.

"बैठकीत लावू," नवरा खुशीत होता. "दारातून आलेल्या माणसाला पहिलं हेच दिसलं पाहिजे. आता कुणाची छाती आहे तुला काही म्हणायची? दाखवून दिलंस सगळ्यांना."

"हं."

"मी काय म्हणतो, आता त्यांना कळवून टाकू. नम्रपणे. मजकूर मी लिहून देतो."

"काय कळवायचं?"

"की येत नाही म्हणून." तो अगदी समजुतीच्या सुरात बोलत होता. "सिद्ध झालंच ना, तुला जमलं असतं. आता खरंच जाऊन त्या पोरांत बसायचं, घराची ओढाताण करायची, कशाला? मान राखून सुटका होतेय."

सिग्नल लाल झाला. गाडी थांबली. कुणी हसलं तर काय बोलायचं ते तिच्याजवळ तयार होतं. कुणी आडवं आलं तर काय बोलायचं तेही होतं. पण या माणसाने तिचं स्वप्न काचेत घालून, चार खिळे मारून, भिंतीवर टांगायला आणलं होतं, आणि तेही प्रेमाने.

"'जमलं असतं' नकोय मला," ती शेवटी म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिने तो उतरवला नाही. "मला जमवायचंय. एक तारखेला वर्ग सुरू होतात, मी जाणार आहे. पहिल्या बाकावर बसणार आहे. नापास झाले तर परत बसेन. तुम्हाला सांगतेय, विचारत नाहीये."

सिग्नल हिरवा झाला. समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा होता. तरी गाडी हलताच नवऱ्याचा पाय नेहमीसारखा चटईवर गेला आणि दाबून राहिला.

"अहो, पायाकडे बघा तुमच्या."

"काय झालं?"

"तिथे ब्रेक नाहीये."

"माहितीये मला."

"माहीत असतं तर इतकी वर्षं दाबला नसता. ही गाडी तुमच्यामुळे आजवर एकदाही थांबलेली नाही. मी थांबवली तेव्हाच थांबलीये."

भोक पडलेल्या चटईकडे नवरा खाली मान घालून पाहत राहिला, जणू त्याला ते आज पहिल्यांदाच दिसत होतं. मग त्याने पाय उचलला, आणि तो कुठे ठेवावा हे न सुचून तसाच अधांतरी धरला.

मागून कुरकुर आवाज येऊ लागला. ब्रेकताईने आरशात पाहिलं. लेक चौकट उलटी करून किल्लीने मागचे खिळे उचकटत होती.

"काय करतेस गं?" नवऱ्याने विचारलं.

"पत्र काढतेय," लेक खाली मान घालूनच म्हणाली. "एक तारखेला मूळ कागद मागतील ना तिच्याकडे."

ब्रेकताईने गिअर बदलला.